आप्पा कोणाचा

…आप्पा कोणाचा? मला काय विचारता साहेब, हेच मी आख्खा जन्म विचारत आलो. आप्पाला विचारलं, आयेला विचारलं, देवळात गाऱ्हाणं घालणाऱ्या गुरवाला विचारलं — एकानं म्हणून उत्तर दिलं नाही. आणि तुम्ही मुंबईहून मशीन घेऊन येता आणि तेच मला विचारता. बसा, बसा, त्या उलट्या पेटीवर बसा, पेंढ्यावर नको, पँटीला कुसं लागतील. चहा इथं मिळायचा नाही. ही बाग दुसऱ्याची, मी रोजावर आंबे भरतो, बोलेन तुमच्याशी, पण हात थांबणार नाहीत — चारच्या आत एवढ्या पेट्या रस्त्याला न्यायच्यात. तो लाल दिवा पेटलाय म्हणजे चालू ना? मग घ्या. भिकाजी हेदवीकर, तुमचे थोर संगीतकार, माझा थोरला भाऊ. मी केरू. दहा वर्षांनी धाकटा. शाळा तिसरीत सुटली. ते पण पुस्तकात घाला, म्हणजे लोक म्हणतील चुकलं असेल तर त्या अडाण्याचं चुकलं.

नाव? हां, ते तुमचं मघापासून चाललंय — हेदवकर की हेदवीकर, बाबू की बाबूराव. काय वाट्टेल ते लिहा. आप्पाला, आमच्या बापाला, स्वतःला लिहिता येत नव्हतं, त्याला कुठलं बरोबर? गावात तो ढोलवाला बाबू, बस. दादाला शाळेत घातलं तेव्हा मास्तर म्हणाले, आडनाव सांगा. आप्पा गप. मास्तर म्हणाले, अहो गाव तरी सांगा मूळचं. तरी गप. मास्तरांच्या डोक्यामागं भिंतीवर हेदवीच्या दशभुजा गणपतीची तसबीर होती, कोणी तरी शाळेला दिलेली. मास्तरांनी मान वर केली, तसबीर बघितली आणि लिहिलं — हेदवकर. झालं आमचं बारसं! हे मला आयेनं सांगितलं, हसत हसत सांगितलं. आप्पा हेदवीला उभ्या जन्मात गेलेला नाही. आणि रेशनकार्डावर आम्ही खेडेकर आहोत, ठाऊक आहे? तिथल्या कारकुनाला कोणी तरी सांगितलं, हा पोरपणी खेडच्या बाजूनं चालत आला, म्हणून. मुंबईला दादानं मग मधे ती वेलांटी घातली, हेदवीकर. तबकडीवर चांगलं दिसतं म्हणाला. मी म्हटलं, घाल बाबा, गणपतीची तसबीर काय तक्रार करणार नाही.

आता हेदवीचा तो म्हातारा तुम्हाला भेटला म्हणता. आमच्याच घरातला पोर, तापाच्या साथीत हरवला, आम्ही देवळाचे गुरव, वाजवणं रक्तातच — असं म्हणाला ना? म्हणणारच. दादाचा फोटो पेपरात यायच्या आधी कुठं होता तो? आप्पा दुसऱ्याच्या गोठ्यात वाढला, गावच्या म्हाताऱ्या ढोलवाल्यानं त्याला उरलेली भाकरी दिली आणि ढोल दिला — तेव्हा ह्यांचं रक्त कुठं गेलं होतं? खेडचे पण आले दोघं. एकाच्या आत्याचा पोर जगबुडी नदीच्या पुलावर चुकला होता म्हणे. मी म्हटलं, एवढी पोरं हरवतात तुमच्याकडे, तर जरा बांधून ठेवत जा.

नाटं गावाचं कोणी सांगितलं तुम्हाला? तिथल्या अयूबनं? नाही, अयूब स्वतः होऊन सांगणार नाही. गावातलंच कोणी तरी बोललं असेल, आवाज बारीक करून. बरं. तेही ऐका. अयूबची आत्या होती, रहिमा. तिला सगळे फुफू म्हणायचे, आम्ही पण. तिचा धाकटा भाऊ सहा-सात वर्षांचा असताना होडी उलटून गेला. बापाचं मयत लागलं किनाऱ्याला, पोराचं लागलं नाही. ती बाई वर्षातून एकदा यायची साहेब, फणसाच्या दिवसांत, फडक्यात फणसाच्या रसाची सांदणं बांधून. नाट्याहून एसटीनं, मग चालत. दादाला तेव्हा कुत्रं ओळखत नव्हतं हां, नीट ध्यानात घ्या, फोटो नाही, तबकडी नाही, काही नाही. यायची, ओट्याखाली बसायची, आप्पाकडे बघत राहायची. आप्पा पण तिच्याकडे बघायचा. हो म्हणायचा नाही, नाही म्हणायचा नाही. सांदणं मात्र सगळी खायचा, आम्हाला एकेकच द्यायचा. आये तिला आत बोलवायची तर म्हणायची, नको गोदा, इथून दिसतोय. मग संध्याकाळच्या गाडीनं परत. मी एकदा आप्पाला विचारलं, ही कोण तुझी? आप्पा म्हणाला, "येते ती. येऊंदे." हे एवढंच उत्तर मला मिळालं आहे, लिहून घ्या.

दादाला ते आवडायचं नाही. मुंबईला नाव झाल्यावर मला म्हणाला, केरू, ती नाट्याची बाई येते ते कुठं बोलू नकोस. मी म्हटलं, ती मेली कधीच. तर त्याला बरं वाटलं. बरं वाटलं साहेब! मी तोंडाकडेच बघत होतो त्याच्या.

वाईट नव्हता तो. तसं नका लिहू. मला पहिली चप्पल त्यानं घेतली. काविळीत पडला तेव्हा पत्रात लिहिलं होतं, पिवळा झालोय, आढीतल्या आंब्यासारखा. हसवायला लिहिलं होतं. हसवायला.

ठेक्याचं विचारता? ते गाणं, हां, ज्याच्यात मधेच एक ठोका रिकामा जातो. तुमच्या पुढाऱ्यांनी लिहिलंय म्हणे की हा हेदवीच्या देवळातला जुना ठेका. आणि दुसरा कोण तो म्हणतो, अरबी खलाशांकडून आलाय, डफावरचा. दोघांनाही हाणला पाहिजे. शिमग्याला पालखी निघते ना आमच्याकडे, घरोघर जाते, प्रत्येकाच्या अंगणात देवाला नाचवतात, ओटी भरतात, गुरव गाऱ्हाणं घालतो — अमक्याच्या वंशाचं, तमक्याच्या घरचं रक्षण कर म्हाराजा. त्या पालखीपुढं तीस वर्षं ढोल आप्पाचा. गळ्यात पट्टा, खांद्याला घट्टे. सगळ्यांच्या दारात वाजवायचा. आमच्या दारात पालखी थांबायची नाही. का? तर ज्या घराला मूळ नाही तिथं गाऱ्हाणं कोणाच्या नावानं घालायचं? रीत होती. कोणी दुष्टपणानं करत नव्हतं, म्हणून तर जास्त लागायचं. आणि आये — आये दरवर्षी दार सारवून, ताटात नारळ, तांदूळ, हळदकुंकू घेऊन उभी राहायची. एखाद्या वर्षी देवाला वाटलं तर? असं म्हणायची. पालखी समोरच्या पायवाटेनं सरळ जायची. आणि आप्पा वाजवता वाजवता उजवा हात वर करायचा, टिपरूसकट, तिच्याकडे — जा आत. उभी राहू नको, जा. तेवढा एक ठोका पडायचा नाही. पुढं गेला की परत दोन्ही हात चालू. दादा लहान होता, आयेच्या पदराला धरून उभा असायचा, मग मी असायचो. हा तुमचा ठेका. देवळातला नाही आणि अरबस्तानातला नाही. बाईला आत जा म्हणतानाचा आहे.

दादानं गाणं केलं तेव्हा मला ऐकवलं, कोणाच्या तरी घरी, तबकडी लावून. मी रडलो. तो पण. तेव्हा आम्ही भाऊ होतो.

मग पंच्याऐंशीचा शिमगा. दादा मुंबईहून आला, अंगात रेशमी झब्बा, बरोबर दोन पेपरवाले. आये नव्हती तेव्हा, तिला जाऊन दहा वर्षं झाली होती. दादाच्या मनात एकच, ह्या वर्षी पालखी आपल्या अंगणात आली पाहिजे. आप्पाच्या हयातीत. चांगलंच होतं ना मनात? मी कुठं नाही म्हणतो. गावचे मानकरी, गावकार, ते पण तयार झाले, एवढा मोठा माणूस गावचा. पालखी ठेवतात त्या सहाणेवर सगळे बसले. रावजी गावकार म्हणाला, भिकाजी, तू घराचं मूळ सांग, गुरव तसं गाऱ्हाणं घालील, आमची हरकत नाय. आणि दादा उभा राहिला आणि बोलला — आम्ही मूळचे हेदवीचे गुरव, दशभुजेचे वाजंत्री. त्या म्हाताऱ्याला पण आणला होता साक्षीला! सगळे खूश. मग रावजीनं आप्पाकडे बघितलं. "बाबू, देव समोर हाय. खरा काय ता तू सांग."

आप्पा उठला. ढोलाचा पट्टा गळ्यात होता, तो काढला. म्हणाला, "पोराला हौस हाय. मला काय ठाव नाय. देवासमोर ज्याचा नाय त्याचा पोर म्हणवून घेऊ?" आणि खाली बसला.

रावजी म्हणाला, जाऊंदे, पुढल्या वर्षी बघू. पालखी उठली. आप्पानं पट्टा परत गळ्यात घातला आणि वाजवत पुढं झाला, आणि आमच्या घरावरून सरळ गेला. दार बंद होतं, आत जा म्हणायला कोणी नव्हतं, सगळे ठोके पडले. दादा सहाणेवरच राहिला. मी गेलो त्याच्याकडे आणि चारचौघांत बोललो — बाप कमी पडला म्हणून दुसरा आणलास काय रे भाड्यानं? पेपरवाल्यांसमोर. त्यानं मला मारलं नाही. मारायला पाहिजे होतं. रात्रवस्तीला पण थांबला नाही, तिन्हीसांजेच्या गाडीनं गेला.

आणि श्रावणात आप्पा गेला.

हां, तेच. तेच विचारायला आलात तुम्ही, बाकी सगळं निमित्त. बापाच्या मयताला मोठा मुलगा आला नाही. गाणं रेकॉर्ड करत बसला. छापलं होतं ना तसं? दादा म्हणाला, मला तार मिळाली नाही, तर लोक हसले — तारेचं तर काय, नेहमीचं कारण. साहेब, त्याला तार मिळाली नाही. मिळणार कशी? केलीच नाही. मी केली नाही. तारेचा कागद भरला होता मी, पत्ता बरोबर लिहिला होता, पोस्टात खिडकीसमोर उभा राहिलो, माझ्या पुढं एक बाई होती मनिऑर्डरवाली, तिचं झालं, आणि पोस्टमास्तर म्हणाला बोल, आणि मी कागद खिशात घातला आणि घरी आलो. पाऊस ओतत होता. राग होता? होता. खोटं कशाला बोलू. पण रागानं नाही. म्हणजे नुसत्या रागानं नाही.

तुम्ही कधी मयत बघितलंय का आमच्या बाजूचं? आंघोळ अंगणात असते. दारासमोर पाट मांडायचा, भावकीतले चार जण हात लावतात, अंगावरचं सगळं काढतात, पाणी घालतात, नवं नेसवतात. आम्हाला भावकी नाही, मग गावकार येतात, ते पण आपलेपणानंच येतात. तार केली असती तर संध्याकाळी दादाला मिळाली असती, दुसऱ्या दिवशी दुपारी तो पोचला असता, बरोबर मुंबईची माणसं, फोटोवाले, तोवर मयत ठेवायचं, सगळा गाव गोळा, वेळ काढून, पाऊस उघडीप देईल तेव्हा, अंगणात, पाटावर, सगळ्यांच्या समोर — आप्पाला. नाही. मी वीस दिवस त्याचं केलं होतं, अंग एका बाजूनं गेलं होतं त्याचं, धुणं-पुसणं सगळं मीच. पहिल्या दिवशी त्यानं माझा हात धरला, ज्या हातात जोर होता त्या हातानं. धोतराला हात लावू देईना. मी म्हटलं, आप्पा, मी आहे, केरू. मग सोडला. डोळे मिटून घेतले. मला फुफू आठवली. आयेला ठाऊक होतंच, ती एवढी वर्षं बोलली नाही, मी पण बोललो नाही. गेला त्या दिवशी मी दार लावलं आणि आत, चुलीपुढं, एकट्यानं आंघोळ घातली. रावजी बाहेरून ओरडतोय, "अरे जल्लं मेलं तुझं, अशी रीत असते काय? दार उघड!" मी म्हटलं पाऊस आहे, आतच घालतो. नेसवला, गुंडाळला, मग दार उघडलं. दुपारच्या आत अग्नी दिला. काय राहिलं मग? राख. राखेला काय विचारतात?

असे बघू नका माझ्याकडे. मी काय बोललो? मी काहीच बोललेलो नाही. काय होतं आणि काय नव्हतं ते मी म्हणालेलो नाही. मान कशाला हलवता? बंद करा ते. बंद करा म्हणतो ना! …दाखवा, दिवा गेला का? …गेला.

दादा पाचव्या दिवशी आला. गाववाल्याकडून मुंबईला कळलं त्याला. दारात उभा राहून विचारलं, तार का नाही केलीस? मी म्हटलं, केली होती, पोचली नसेल. तो चपला न काढता तसाच परत फिरला, चालत पोस्टात गेला, चालत आला, भिजून. तिथं वहीत बघून त्याला सांगितलं होतं, तार दिलेलीच नाही. मला वाटलं आता गळा धरील. तो ओट्यावर बसला आणि म्हणाला, "केरू, तुझा राग बरोबर आहे." बस. मग नदीवर जाऊन डोकं भादरून आला. मुंबईला गेल्यावर सगळ्यांना सांगत राहिला, तार मिळाली नाही, तार मिळाली नाही — भावानं केली नाही असं एकदा पण नाही म्हणाला. पेपरात शिव्या खाल्ल्या, पण माझं नाव नाही काढलं. आणि मी त्याला सांगू शकत होतो. एका वाक्याचं काम होतं. दादा, रागानं नाही रे. अंगणात नको म्हणून. पण मग त्याच्या हातात काय देणार होतो मी? त्याला हेदवी पाहिजे होती, आणि मी त्याला काय देणार? म्हटलं, नंतर सांगू, जरा ह्याचं मन खाली बसूंदे, शिमगा जाऊंदे. पाच महिने तो प्यायला. माघात तो गेल्याची तार आली. ती मात्र मला वेळेवर मिळाली.

तेव्हा तुम्ही हेदवी लिहा. दादानं सहाणेवर देवासमोर सांगितलं होतं, तर ते त्याचं राहूंदे. वेलांटी पण राहूंदे. नाटं लिहिलंत तर अयूबच्या दारात उद्या कोण जाऊन काय करील ह्याचा भरवसा नाही, आणि तो माणूस दादाच्या बाराव्याला आला होता, लांब फणसाखाली बसला होता, म्हणाला, आमचा असो-नसो, बसतो जरा. आणि काहीच नको असेल तर कोरं सोडा. मशीनमधलं पुसता येतं ना? पुसा. इथं माझ्यासमोर पुसा. …नाही येत? बरं. मग तुमच्या जिवाला काय वाटेल ते. मी पाया पडणार नाही.

उठा आता, तुमची गाडी चारची आहे आणि चढ मोठा आहे. हे दोन आंबे घ्या, डाग पडलेले आहेत, पेटीत जायचे नाहीत, पण आत चांगले आहेत. बागायतदाराला नका दाखवू.

थांबा. त्या बाराव्याचं सांगतो आणि जा. दादाचं लग्न नाही, पोर नाही, म्हणून मीच बसलो खाडीवर. भटजी म्हणाले, गेलेल्याचा पिंड त्याच्या बापाच्या, आज्याच्या आणि पणज्याच्या पिंडात मिळवायचा असतो, नाही तर तो बाहेरच फिरतो. आप्पाच्या वेळी त्यांनी काय तरी मोघम पुटपुटून भागवलं होतं. ह्या वेळी मी म्हटलं, मोघम नको. भटजी म्हणाले, मग नावं सांग. बापाचं सांगितलं — बाबू. आज्याचं? मी म्हटलं, केरू. पणज्याचं? म्हटलं, केरू. त्यांनी हातातली पळी खाली ठेवली. "अरे, जित्या माणसाच्या नावानं पिंड घालतात काय? वेडा झालास? तुझं आयुष्य सरेल अशानं!" म्हटलं, सरूंदे. त्यांच्या मागं कोण तरी उभं पाहिजे, दुसरं कोणी नाही, मी उभा राहतो, म्हणा तुम्ही. ते म्हणेनात. मग मीच म्हटलं, मोठ्यानं, दोनदा, आणि दादाचा पिंड मोडून तिघांत मिळवला.